लाटांची वीज कुठे अडली?

प्रश्न : आमचं घर हर्णै बंदराजवळ आहे. पावसाळ्यात धक्क्यावर लाटा आदळतात तेव्हा बोलणंही ऐकू येत नाही. निसर्ग वादळानंतर आम्ही कित्येक दिवस अंधारात काढले आणि समोर समुद्र मात्र रात्रंदिवस उसळत होता. धरणाच्या पाण्यावर वीज होते, वाऱ्यावर होते, उन्हावर होते. मग लाटांवर का होत नाही? कोणी प्रयत्नच केला नाही, की त्यात काही मेख आहे?
(एक वाचक, ता. दापोली)

उत्तर : प्रयत्न झाले आहेत आणि ते फार जुने आहेत. लाटांच्या हालचालीवर यंत्र चालवण्याचं पेटंट फ्रान्समध्ये पिएर-सिमों जिरार आणि त्यांच्या मुलाने 1799 सालीच घेतलं होतं. आपल्या देशातही लाटांवर वीज करणारं एक केंद्र वीस वर्षं समुद्रात उभं होतं. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विझिंजम नावाचं मच्छीमार बंदर आहे. तिथल्या लाटरोधक भिंतीलगत, जिला बंदरावरची माणसं ब्रेकवॉटर म्हणतात, ऑक्टोबर 1991 मध्ये 150 किलोवॅट क्षमतेचं प्रायोगिक केंद्र सुरू झालं. आयआयटी मद्रासच्या अभियंत्यांनी केंद्र सरकारच्या सागर विकास विभागासाठी ते उभारलं होतं.

त्याची रचना समजायला सोपी आहे. पाण्याने भरलेल्या बादलीत पेला उपडा धरा आणि वर-खाली करा. पेल्यातली हवा दाबली जाते आणि पुन्हा मोकळी होते. आता पेल्याच्या बुडाला भोक आहे असं समजा. त्या भोकातून हवा जोराने बाहेर पडेल आणि पेला वर घेताच तितक्याच जोराने आत ओढली जाईल. विझिंजमला पेल्याच्या जागी सुमारे तीन हजार टनांची काँक्रीटची पोकळ खोली होती. तिचं तोंड पाण्याखाली उघडं होतं. लाट आली की खोलीतलं पाणी चढायचं, हवा वरच्या नळीतून बाहेर जायची. लाट ओसरली की हवा परत आत यायची. त्या नळीत टर्बाइन बसवलेलं होतं.

इथे एक अडचण होती. हवा दर काही सेकंदांनी दिशा बदलते, त्यामुळे साधं टर्बाइन एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरू पाहील. हे कोडं बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन वेल्स यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात सोडवलं. त्यांच्या टर्बाइनची पाती दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची असतात, म्हणून हवा कुठूनही आली तरी ते एकाच दिशेने फिरतं. विझिंजमला सुरुवातीला हेच वेल्स टर्बाइन होतं.

वीज तयार झाली, पण ती एकसारखी येत नव्हती. मोठी लाट आली की उसळी, दोन लाटांच्या मध्ये घसरण, आणि पावसाळा सरला की एकूणच ओहोटी. असा प्रवाह वीजजाळ्यात सोडणं त्रासाचं होतं. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने याच केंद्राच्या विजेवर समुद्राचं खारं पाणी गोडं करणारं संयंत्र चालवून पाहिलं. त्याची क्षमता रोज दहा हजार लिटर होती. पाणी टाकीत साठवता येतं, त्यामुळे वीज कमी-जास्त झाली तरी बिघडत नाही. हा शहाणपणाचा उपयोग होता. तरीही केंद्र प्रयोगाच्या पलीकडे गेलं नाही आणि 2011 मध्ये बंद करण्यात आलं.

प्रश्न : म्हणजे वीज तयार होते हे सिद्ध झालं. मग गाडं अडतं कुठे?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : लाटेच्या गणितात. लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची तिप्पट झाली की ऊर्जा नऊपट होते. शिवाय दोन लाटांमधला वेळ जितका जास्त, तितकी ती लाट अधिक ऊर्जा वाहून आणते. आकडेच घ्या. खोल समुद्रात एक मीटर उंचीच्या आणि सहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटा किनाऱ्याच्या दर मीटर रुंदीमागे साधारण 3 किलोवॅट शक्ती आणतात. तीन मीटर उंच आणि नऊ सेकंदांनी येणाऱ्या लाटा जवळपास 40 किलोवॅट आणतात. वादळातल्या दहा मीटर उंच, तेरा सेकंदांच्या लाटा सहाशे किलोवॅटच्याही वर जातात.

पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत दोनशे पटींचा फरक आहे. यंत्राची कमाई होते ती रोजच्या एक-दोन मीटरच्या लाटांवर. वादळातली लाट त्याच्या उपयोगाची नसते, कारण तेवढी शक्ती पेलेल एवढं जनित्र बसवलं तर ते वर्षभर जवळपास रिकामंच राहील. पण यंत्र टिकायला हवं ते त्याच वादळी लाटेसमोर. म्हणजे मिळकत रोजच्या लाटेची आणि बांधणीचा खर्च मात्र वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी येणाऱ्या राक्षसी लाटेचा. पवनचक्कीलाही वादळाचा धोका असतो, पण ती पाती वळवून वाऱ्याला वाट करून देऊ शकते. पाण्याची घनता हवेच्या आठशे पटींहून जास्त असते. लाटेला चुकवणं सोपं नाही.

याची किंमत अनेकांनी मोजली आहे. नॉर्वेतल्या टॉफ्टेस्टालेन इथे 1985 मध्ये कड्याला लागून 500 किलोवॅटचं केंद्र उभारलं गेलं. डिसेंबर 1988 च्या वादळाने ते उखडून नेलं. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर डूनरेजवळ 1995 मध्ये ऑस्प्रे नावाचं मोठं यंत्र समुद्रात उतरवलं गेलं, ते बसवण्याचं काम चालू असतानाच लाटांनी त्याची मोडतोड केली आणि ते बुडालं.

बाकीच्या अडचणी याच मुख्य अडचणीच्या पोटात येतात. लाट सहा ते बारा सेकंदांनी येते, हळू येते आणि मागे-पुढे होते. जनित्राला मात्र वेगाने, एका दिशेने, अखंड फिरायचं असतं. मंद हिसक्यांचं वेगवान फिरण्यात रूपांतर करायला हवा, तेल किंवा दातेरी चाकं मध्ये घालावी लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा गळते. खारं पाणी लोखंड खातं. शेवाळ आणि शिंपले चिकटून यंत्र जड होतं. होडीचा तळ दरवर्षी का खरवडावा लागतो हे हर्णैकरांना सांगायला नको.

सगळ्यात अवघड गोष्ट दुरुस्तीची. आपल्या किनाऱ्यावर लाटा जोरात असतात जून ते सप्टेंबर. यंत्राने कमवायचे हेच महिने. पण 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि बंदी उठल्यावरही पुष्कळ जण नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होड्या पाण्यात लोटतात. बंदीचं मुख्य कारण माशांची वीण असलं, तरी त्या दिवसांत दर्यात जाणं जिवावरचं असतं हेही खरं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्यापासून पाच किलोमीटरवर यंत्राची एक झडप निकामी झाली, तर ती बदलायला जाणार कोण? समुद्र निवळेपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर त्या वर्षाची कमाई हातातून गेलेली असेल.

प्रश्न : भरती-ओहोटीपासून वीज आणि लाटांपासून वीज, या दोन्ही एकच का?
(एक विद्यार्थिनी, इयत्ता नववी, अलिबाग)

उत्तर : नाही. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे होते, म्हणून पुढच्या वर्षीची वेळही आज सांगता येते. लाटा वाऱ्यामुळे उठतात. भरतीवरची वीज तंत्राच्या दृष्टीने धरणासारखीच आहे. खाडीच्या तोंडाशी बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि टर्बाइनमधून सोडायचं. फ्रान्समधलं ला रान्स इथलं 240 मेगावॅटचं केंद्र 1966 पासून चालू आहे. दक्षिण कोरियातलं सिह्वा सरोवरावरचं 254 मेगावॅटचं केंद्र 2011 मध्ये सुरू झालं. त्यासाठी भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत बराच फरक लागतो. भारतात तो खंबात आणि कच्छच्या आखातांत सर्वांत जास्त आहे, कोकणात तितका नाही.

प्रश्न : आपल्याला 720 किलोमीटरचा किनारा आहे. त्यातून किती वीज मिळू शकेल? भारतात लाटांपासून 40 हजार मेगावॅट मिळू शकतात असं वाचलं होतं.
(एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : तो आकडा सरकारी कागदपत्रांत आहे, पण तो सैद्धांतिक आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला, तेव्हापासून तो वारंवार छापून येतो. त्याचा अर्थ एवढाच की समुद्र किनाऱ्याकडे तेवढी शक्ती आणतो. ती सगळी यंत्रात पकडता येत नाही.

महाराष्ट्रापुरता हिशेब करून पाहू. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर लाटांची वार्षिक सरासरी शक्ती दर मीटरला 40 ते 70 किलोवॅट भरते. भारताच्या किनाऱ्यांवर ती साधारण 5 ते 15 च्या दरम्यान असते. आपण हिशेबापुरते 10 किलोवॅट धरू. म्हणजे एका किलोमीटरला 10 मेगावॅट आणि 720 किलोमीटरला 7,200 मेगावॅट. त्यातला पाचवा भाग वीज म्हणून हाती आला असं मानलं, आणि तेही उदारपणे, तर होतात सुमारे 1,450 मेगावॅट. राज्याची विजेची कमाल मागणी सध्या 30 हजार मेगावॅटच्या आसपास जाते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत यंत्रांची सलग रांग लावली आणि एकाही होडीला वाट ठेवली नाही, तरी त्या मागणीचा विसावा हिस्साही पदरात पडत नाही.

शिवाय ही सरासरी आहे. पावसाळ्यात किनाऱ्यापासून थोडं आत लाटा दोन ते चार मीटरपर्यंत जातात, तर नोव्हेंबर ते एप्रिल बहुतेक दिवस त्या मीटरभर किंवा त्याहून कमी असतात. वर्गाचं गणित आठवलं म्हणजे कळेल की हिवाळ्यातली वीज पावसाळ्याच्या मानाने नगण्य राहते. एका बाजूने ही गोष्ट सोयीची आहे. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, सौरऊर्जा घटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत लाटा जोरात असतात. दोन्ही एकमेकींना पूरक ठरू शकतात. दुसऱ्या बाजूने, वर्षातले सात-आठ महिने जवळपास बसून राहणाऱ्या यंत्राचं कर्ज बाकीच्या चार महिन्यांत फेडायचं असतं. सौर प्रकल्पांच्या लिलावात युनिटचा दर अडीच-तीन रुपयांवर आलेला असताना लाटांची वीज त्या दराच्या जवळपासही पोचलेली नाही. याच गणितावर गुंतवणूकदार मागे फिरतो.

प्रश्न : अशी यंत्रं समुद्रात आली तर आमच्या मासेमारीचं काय?
(एक मच्छीमार, मालवण)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. तरंगत्या यंत्रांना तळाशी नांगर, साखळदंड आणि किनाऱ्यापर्यंत वीजवाहिनी लागते. जाळी अडकू नयेत म्हणून आसपासचा पट्टा मासेमारीला बंद ठेवावा लागतो. लाटांची शक्ती पकडायला सोयीचं पाणी फार खोलही नसतं आणि फार उथळही नसतं, आणि लहान होड्यांची मासेमारीही पुष्कळदा तिथेच चालते. अशा यंत्रांच्या बुडाशी मासे जमतात आणि वाढतात असंही सांगितलं जातं. पण बंद पट्ट्यातल्या वाढलेल्या माशाचा होडीवाल्याला लाभ किती, हे त्या-त्या जागेवर पाहूनच ठरेल. म्हणून कुठलाही प्रकल्प येण्याआधी ती जागा कोणाच्या वहिवाटीची आहे हे गावातल्या मच्छीमार सोसायटीला विचारूनच नकाशावर खूण व्हायला हवी.

प्रश्न : मग या तंत्राला भवितव्य आहे की नाही? आज जगात ते कुठे चालू आहे का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मोठ्या वीजकेंद्राच्या रूपात अजून नाही, छोट्या कामांसाठी आहे. जपानचे योशिओ मासुदा यांनी लाटांवर चालणारे दिशादर्शक दिव्यांचे बोये तयार केले आणि 1965 पासून ते विकले जाऊ लागले. भर समुद्रात तार नेणं महाग, बॅटरी बदलायला जाणं अवघड. तिथे थोडीशी वीज जागच्या जागी मिळाली तरी तिची किंमत मोठी असते.

मोठ्या विजेची आशा 1973 च्या तेलसंकटाने जागवली. एडिनबरा विद्यापीठातले स्टीफन सॉल्टर यांनी लाटांवर डुलणाऱ्या एका यंत्राची कल्पना मांडली, ते ‘सॉल्टरचं बदक’ म्हणून ओळखलं गेलं. ब्रिटिश सरकारने संशोधनाला पैसा दिला, पण 1980 च्या दशकात तेल स्वस्त होऊ लागलं तसा तो आटला. पुढे पेलामिस नावाचं लांबलचक, सांधे असलेलं, पाण्यावर सापासारखं वळवळणारं यंत्र आलं. 2004 मध्ये स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरून त्याने वीजजाळ्याला वीज दिली. 2008 मध्ये पोर्तुगालच्या अगुसादौरा किनाऱ्याजवळ अशी तीन यंत्रं, मिळून 2.25 मेगावॅटची, लावण्यात आली. सांध्यांतले बिघाड आणि त्याच वर्षीचं जागतिक आर्थिक संकट अशा दुहेरी माऱ्यात ती काही महिन्यांतच बाहेर काढावी लागली. 2014 मध्ये ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं.

या पडझडीतून दोन वाटा पुढे आल्या आहेत आणि दोन्ही मघाच्या वर्गाच्या गणिताला उत्तर देऊ पाहतात. एक वाट अशी की मोठ्या लाटेशी झुंजायचंच नाही. स्वीडनच्या कॉरपॉवर कंपनीने त्याच अगुसादौराजवळ 2023 मध्ये 300 किलोवॅटचा एक मोठा बोया बसवला. साधी लाट असते तेव्हा तो लाटेच्या तालात स्वतःचं हिंदोळणं वाढवतो आणि वादळात ते आवरतं घेतो, म्हणजे लाट त्याच्यावरून निघून जाते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या वादळात त्याने 18.5 मीटर उंचीच्या लाटा सोसल्या आणि तो शाबूत राहिला. एका यंत्राच्या यशाने उद्योग उभा राहत नाही, पण वादळात टिकणं शक्य आहे हे त्यातून दिसलं.

दुसरी वाट म्हणजे यंत्रासाठी वेगळं बांधकामच करायचं नाही. बंदराला लाटरोधक भिंत लागतेच. तिच्या पोटातच हवेच्या खोल्या ठेवायच्या. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मुत्रिकू या छोट्या बंदरात 2011 पासून अशी भिंत वीज देते. तिच्यात 16 छोटी टर्बाइनं आहेत आणि एकूण क्षमता आहे अवघी 296 किलोवॅट. आकडा लहान आहे, पण भिंतीचा बहुतेक खर्च बंदराच्या खात्यावर पडतो आणि दुरुस्तीला होडी लागत नाही. कामगार भिंतीवरून चालत जातो.

भारतातही नवे प्रयत्न चालू आहेत. आयआयटी मद्रासने नोव्हेंबर 2022 मध्ये तुतिकोरिनजवळ किनाऱ्यापासून सहा किलोमीटरवर सिंधुजा-1 हे तरंगतं यंत्र तपासलं. त्याची क्षमता होती 100 वॅट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका बल्बएवढी. फेब्रुवारी 2025 मध्ये भारत पेट्रोलियमने इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीबरोबर मुंबईत 100 किलोवॅटचा प्रायोगिक प्रकल्प उभारण्याचा करार केला. या पद्धतीत तराफ्यासारखे तरंगते भाग धक्क्याला किंवा भिंतीला जोडलेले असतात, जनित्र आणि नाजूक भाग जमिनीवर राहतात आणि समुद्र फारच खवळला तर तराफे वर उचलून घेतात. मुंबईच्या पावसाळ्यात ही व्यवस्था कशी टिकते, ते कोकणाच्या दृष्टीने पाहण्यासारखं ठरेल.

आता पहिल्या पत्रातल्या अंधाराबद्दल. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात वीज गेली ती वीज कमी पडली म्हणून नव्हे. खांब आडवे झाले होते आणि तारा तुटल्या होत्या. हर्णैसमोर लाटांचं केंद्र असतं तरी त्याची वीज त्याच खांबांवरून तुमच्या घरी आली असती. त्या दुखण्यावर इलाज आहेत भूमिगत वाहिन्या, घराच्या छपरावरचे सौर पॅनेल आणि सोबतीला बॅटरी. हे तिन्ही आज बाजारात मिळतात.

लाटांच्या विजेसाठी महाराष्ट्रात खुल्या समुद्रात मोठे प्रकल्प मागण्यात सध्या अर्थ नाही. एक मागणी मात्र रास्त आहे. किनाऱ्यावर नव्या लाटरोधक भिंती उभ्या राहणारच आहेत. एकट्या वाढवण बंदरासाठीच दहा किलोमीटरहून लांब भिंत योजलेली आहे. त्या बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो प्रश्न स्वतंत्रपणे, त्यांचं ऐकूनच सुटायला हवा. पण जिथे कुठे अशी भिंत मंजूर होईल, तिथे तिच्या आराखड्यात चार-सहा खोल्या लाटांच्या विजेच्या चाचणीसाठी ठेवाव्यात. भिंत बांधताना तो खर्च किरकोळ असतो, बांधून झाल्यावर ती फोडून खोल्या काढता येत नाहीत. तुमच्या भागात बंदराची जनसुनावणी लागली, तर हा प्रश्न तिथे नक्की विचारा.